मनगटावरची शिडी

माझ्या जावयानं माझ्या लेकीला केसांना धरून पुलाखालच्या भिंतीपर्यंत फरफटत आणलं, तेव्हा मी घाटाच्या पायरीवर बसून एका बाईच्या दंडावर तुळस गोंदत होते. सकाळचे दहा वाजले असतील. कोणीतरी येऊन म्हणालं, साळूबाई, तुझ्या मंदाला मारतायत. मी मशीन तिथंच टाकलं आणि पळाले. त्या बाईच्या दंडावर वृंदावन झालं होतं, रोप राहिलं होतं. ती पुन्हा काही आली नाही. नाशकात कुठंतरी रिकामं वृंदावन घेऊन फिरत असेल.

पूल नवाच होता. त्याच्या खाली लांबलचक भिंत, आणि ती भिंत महिन्याभरापूर्वी रंगवून काढली होती. शहरात कलेचा कुठलासा उत्सव भरला होता, त्यासाठी. भिंतभर बायकांचे हात. नुसते हात, कोपरापासून बोटांपर्यंत, माणसाहून उंच, आणि त्यांच्यावर आम्ही काढतो ते गोंदण. विंचू, पाळणा, सीतेची पावलं. प्रत्येक हाताखाली पत्र्याची पाटी.

रोहिदासनं मंदाचं डावं मनगट तिसऱ्या हाताच्या चित्रावर दाबून धरलं होतं. त्या चित्रात एक शिडी होती. दोन उभ्या रेघा, मध्ये पाच पायऱ्या, खाली तीन ठिपके. भिंतीवर ती पोराच्या उंचीची होती, मंदाच्या मनगटावर करंगळीएवढी. बाकी काही फरक नव्हता. मंदाचा खालचा ओठ फाटून दात दिसत होते. ती काहीतरी सांगत होती, पण तोंडात रक्त साचलेलं, शब्द फुटत नव्हता.

"वाच," त्यानं कोपऱ्यावरच्या पानवाल्याला सांगितलं. "मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू दे."

पानवाल्यानं इकडं तिकडं बघितलं आणि वाचलं. "शिडी. पहिल्या नवऱ्याचं घर सोडून दुसऱ्या पुरुषाशी घरोबा केलेल्या स्त्रीच्या मनगटावर ही खूण गोंदतात. अशी स्त्री कुळाच्या पायऱ्या उतरली, असे मानले जाते. माहिती, श्रीमती साळूबाई, पारंपरिक गोंदण कलाकार."

रोहिदास टेम्पो चालवायचा. रोज त्या पुलाखालच्या सिग्नलला थांबायचा. टेम्पोच्या अड्ड्यावरचे त्याचे सोबती घरी जेवायला यायचे, मंदा त्यांना वाढायची, तेव्हा त्यांनी तिचं मनगट बघितलेलं. चार दिवस ते त्याला विचारत होते, रोह्या, तू कितवा? पाचव्या दिवशी त्यानं बायकोला उचलून भिंतीपाशी आणली.

मला बघून त्यानं तिचं डोकं एकदा भिंतीवर आपटलं. घाईनं नाही, सावकाश, मला नीट दिसावं म्हणून.

"हे तुमच्या तोंडचं आहे ना?" तो म्हणाला. "तुमचं नाव आहे खाली. नाही म्हणा, मी आत्ता हिला घरी नेतो, पाया पडतो हिच्या."

मी दुसरीपर्यंत शाळेत गेले होते. पाटी वाचायला मला वेळ लागला असता, पण ती वाचायची गरज नव्हती. ते शब्द माझेच होते. धुऊन, इस्त्री करून पत्र्यावर चढवलेले, एवढंच.

पन्नास माणसं जमली होती. आमच्या वस्तीतल्या बायका होत्या. माझी जाऊ अनसा होती. मंदा एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होती, दुसरा सुजून मिटला होता. एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य खोटं आहे, एवढं. पण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला असता, मग खरं काय? आणि तिसरा, मग खोटं का बोललात?

"सोडा तिला," मी म्हणाले. "आधी सोडा."

"नाही म्हणा."

मी दगड उचलून त्याच्या पाठीत घातला. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. त्यानं वळून मला पोटात लाथ मारली, मी बसले, बायका ओरडत मध्ये पडल्या, चौकातला हवालदार आला आणि नवराबायकोचं आहे, घरी जाऊन मिटवा म्हणाला. रोहिदासनं मंदाला टेम्पोत ढकललं आणि नेलं. मी नाही म्हटलं नाही, हे त्यानं ऐकलं होतं. तिनंही ऐकलं होतं.

ते शब्द भिंतीवर कसे गेले, ते सांगते.

त्याच्या आधी सहा महिने ऋजुता नावाची मुलगी पुण्याहून आली होती. वस्तीत सगळ्या तिला रुजूताई म्हणत. ती माणसांचा अभ्यास करते, म्हणाली. मी म्हटलं, आम्हीही तोच करतो, फक्त सुईनं. ते तिला इतकं आवडलं की तिनं लगेच वहीत लिहून घेतलं. तिथंच माझं डोकं फिरलं असणार. आयुष्यात माझं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं. नवरा होता तेव्हा तो ऐकूनही घेत नसे.

मुलगी चांगली होती. घाटावर आमच्याबरोबर उन्हात बसायची, आमच्या पितळीतला चहा प्यायची. तिच्याजवळ लहानसा टेप होता. प्रत्येक नक्षीचा अर्थ विचारायची. मी म्हणायची, तुळस म्हणजे तुळस, विंचू म्हणजे विंचू. त्यानं तिचं पोट भरायचं नाही. ती तशीच बघत राहायची, पंगतीत वाढपी पुढं निघून गेल्यावर माणूस बघतो तशी. मग मी वाढायला लागले. काही माझ्या आईकडून ऐकलेलं, काही अर्धं खरं, काही तिथल्या तिथं तव्यावरून उतरवलेलं. विंचू काढला की नवऱ्याची जीभ ताब्यात राहते, असं मी सांगितलं. तिनं तेही लिहिलं. बाकीच्या बायकांना मी बजावून ठेवलं की तुम्हाला विचारलं तर साळूबाई सांगते तेच खरं म्हणायचं. वस्तीत माझ्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. त्यांनी तसंच म्हटलं.

अनसा माझ्या धाकट्या दिराची बायको. येवल्याकडं पहिलं लग्न झालेलं, तो मारायचा, म्हणून कडेवर पोर घेऊन निघून आली आणि माझ्या दिराच्या घरात शिरली. हळद नाही, वाजंत्री नाही. सासू मेल्यावर घरात मी मोठी, आणि मला कोणी विचारलं नाही. बाहेरून आली, पण वर्षभरात गोंदायला अशी शिकली की बायका घाटावर येऊन माझ्यापुढनं तिच्यापुढं जाऊन बसायच्या. तिचा हात हलका होता. माझा सरळ होता. लोकांना हलका हात आवडतो.

एक दिवस रुजूताईनं तिचं डावं मनगट बघितलं. तिथं शिड्या होत्या, एकीखाली एक अशा तीन. रुजूताईनं विचारलं, ही नक्षी तुम्ही गिऱ्हाइकाला कधी काढत नाही, फक्त तुमच्याच बायकांच्या हातावर दिसते, ही कशाची? अनसा हसली आणि म्हणाली, अक्कांना विचारा, मी बाहेरची.

आणि मी सांगितलं. उतरलेली बाई, कुळाच्या पायऱ्या, सगळं. एका दमात आलं, जसं काही वर्षानुवर्षं तोंडात घोळत होतं. अनसा दहा हातांवर बसून एकीच्या हनुवटीवर ठिपका देत होती. तिनं ऐकलं. तिची सुई थांबली, मग पुन्हा चालू झाली.  तिचं हेच मला सहन होत नसे.

पुढच्या महिन्यात रुजूताईबरोबर पाथरे नावाचा चित्रकार आला. त्याला भिंतीसाठी हात हवे होते. तिच्या वहीतली पानं उलटताना तो शिडीपाशी थांबला आणि म्हणाला, ह्यात गोष्ट आहे. भिंत झाली तेव्हा पाटीवरचं माझं नाव बघायला मी सगळ्या वस्तीला घेऊन गेले होते, नारळ घेऊन. शिडी आपल्या किती जणींच्या हातावर आहे, माझ्या पोटच्या पोरीच्या हातावर आहे, हे त्या दिवशीही माझ्या ध्यानात आलं नाही. रोज डोळ्यांसमोर असतं ते दिसत नाही. मी एकीवर नेम धरला होता, मला ती एकटीच दिसत होती.

भिंतीपाशी मारहाण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अनसा मंदाला रिक्षातून घेऊन आली. मी गेले नव्हते. मी घरात पोट शेकत बसले होते आणि स्वतःला सांगत होते की तो थंड होईल, पुरुष होतात थंड.

मंदाच्या हातावर सरकारी दवाखान्यातली पट्टी होती, कोपरापर्यंत. रोहिदासनं आणि त्याच्या आईनं तिला खाटेला बांधून मनगटावर चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावला होता, वर फडकं बांधलं होतं. खूण जाते म्हणे त्यानं. अनसा तिथं पोचली तेव्हा तिनंच ते फडकं सोडलं. फडक्याबरोबर कातडी आली. खाली पांढरं दिसत होतं, अनसा म्हणाली, रक्तसुद्धा नव्हतं, नुसतं पांढरं.

मी मंदाला आत घ्यायला दार उघडलं. ती माझ्या दारावरून पुढं गेली आणि अनसाच्या खोलीत जाऊन निजली.

अनसा माझ्या उंबऱ्याशी उभी राहिली. पंधरा वर्षांत ती माझ्याशी डोळा वर करून बोलली नव्हती.

"अक्का, तो उद्या येणार आहे. भावांना घेऊन."

"तिला न्यायला?"

"विचारायला. पोरीनं त्याला दहा वेळा खरं सांगितलं. तो म्हणतो, तू सांगशीलच, तुझी आई काय म्हणते ते मला ऐकायचं. ती हो म्हणाली तर तुला नदीत घालतो."

"तो काय नदीत घालतोय."

"तुम्ही तिचा हात बघितला नाही," अनसा म्हणाली आणि गेली.

तरीही मी आधी सोपा रस्ता धरला. पाटीच गेली तर प्रश्न जाईल, असा माझा हिशेब. पुलाखाली गेले. पाथरे शिडीवर चढून भिंतीच्या टोकाला उडालेला रंग पुन्हा देत होता, रुजूताई खाली उभी होती. मी म्हटलं, ते तिसरं चित्र पुसून टाका, पाटी काढा. तिनं विचारलं का, आणि मी मंदाचं सांगितलं. 

"म्हणजे ते खरं नव्हतं, मावशी?"

"नव्हतं."

तिनं पिशवीतून टेप काढला. मला पकडायला नव्हे, मला वाटतं तिला स्वतःलाच पुन्हा ऐकायचं होतं. माझा आवाज आला. हसतहसत सांगत होते मी. माझा आवाज एवढा गोड लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. मागं अनसाच्या मशीनची घरघर ऐकू येत होती, मध्येच ती थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

"मी आणखी पाच जणींना विचारलं होतं," रुजूताई म्हणाली. "पाचही जणी हेच म्हणाल्या."

"मीच सांगून ठेवलं होतं."

तिनं टेप बंद केला. चेहरा उतरला होता, पण ती रडली नाही. म्हणाली, मग खरा अर्थ काय ते सांगा, मी आत्ताच्या आत्ता पाटी बदलते, उद्या तुमच्या जावयासमोर उभी राहते.

"आधी पाटी काढा," मी म्हणाले.

पाथरे वरून म्हणाला, "पुसायचं कशाला? खोटं असलं तरी चांगलं आहे. लोक ह्याच चित्रापुढं थांबतात."

त्याच्या शिडीखाली लाल रंगाचा डबा होता. मी तो उचलून त्याच्यावर फेकला. डबा त्याच्या गुडघ्यावर लागला, तो शिडीवरून खाली कोसळला, आणि भिंतीवरचे दोन हात कोपरापासून लाल झाले. तो पाय धरून शिव्या देत राहिला. लोकांना ते चित्राचाच भाग वाटलं असेल. रुजूताईनं मला अडवलं नाही. पक्कड आणून तिनं एकटीनं पाटीचे खिळे उपटायला घेतले.

पण पाटी आता रोहिदासच्या डोक्यात लागली होती, तिथले खिळे तिला कसे निघणार.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बरोबर दोन भाऊ, आणि हातात टेम्पोचं चाक खोलायची लोखंडी टॉमी. वस्तीत ह्या वेळी बायकाच असतात, पुरुष कामावर. तो सरळ माझ्या दारात आला, आणि मंदा इथं नाही हे कळल्यावर अनसाच्या खोलीकडं वळला. अनसा दारातच बसली होती. उठली आणि चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिली.

"बाजूला हो," तो म्हणाला.

"तुला खूण बघायची ना? ही बघ. तिच्या हातावर एक आहे, माझ्या हातावर तीन. माझं मी कबूल करते, मी पहिला नवरा सोडून आले. पण मी आले त्या दिवशी माझा हात कोरा होता. ही खूण त्याची नाही."

"मग कशाची?"

अनसानं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या दाराशी होते, पंधरा पावलांवर. ती सांगू शकली असती. मंदानं सांगितलंच होतं. पण तिनं माझ्याकडं बघितलं आणि वाट बघितली. मी एक श्वास जास्त घेतला. तेवढ्यात त्यानं टॉमी फिरवली.

तिनं डोकं वाचवायला उजवा हात वर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या दारापर्यंत ऐकू आला. ओली फांदी मोडते तसा, आधी कडकन आणि मग चिरत गेल्यासारखा. ती खाली बसली. ओरडली नाही. मोडलेला हात मांडीवर घेऊन दारातून न हलता बसून राहिली. त्यानं दुसऱ्यांदा टॉमी उचलली.

"मी खोटं बोलले," मी म्हणाले.

मला वाटलं होतं मी ओरडेन. साधंच बोलले. पण सगळी वस्ती एवढी चिडीचूप होती की ते शेवटच्या घरापर्यंत गेलं.

"ही शिकायची खूण आहे. आमच्यात पोरगी पहिल्यांदा सुई धरते तेव्हा तिला शिडी काढायला लावतात. उभ्या रेघांनी हात सरळ धरायला शिकते, पायऱ्यांनी सुई किती खोल घालायची ते शिकते, ठिपक्यांनी कुठं थांबायचं ते. कागदावर येत नाही ते. कातडी लागते. कोणीतरी आपलं मनगट द्यावं लागतं, वाकडं काढशील, रक्त काढशील, तरी काढ म्हणून. जिनं मनगट दिलं ती त्या पोरीची हातमाय, मग ती स्वतः पोर का असेना. मंदाच्या हातावरची शिडी अनसाच्या पोरीनं काढलीय. आणि अनसाच्या हातावर तीन पोरी शिकल्या. मधली शिडी माझ्या मंदाची आहे."

 रोहिदासनं टॉमीच्या टोकानं माझा डावा हात दाखवला. माझे दोन्ही हात खांद्यापासून बोटांपर्यंत भरलेले आहेत, माझ्या आईनं भरलेले, एक रेघ इकडची तिकडं नाही. घाटावर गिऱ्हाईक ते हात बघूनच बसायचं. फक्त मनगटाच्या आतली बाजू कोरी होती.

"मग तुमच्या हातावर का नाही?"

हाच तो प्रश्न. भिंतीपाशी ह्याच प्रश्नाला मी भ्याले होते, रुजूताईपुढं ह्याच प्रश्नाला. पंधरा वर्षं कोणी विचारला नव्हता, कारण वस्तीत सगळ्यांना माहीत होतं.

"कारण मी कोणाला दिला नाही," मी म्हणाले. "माझ्या हातावर वाकडी रेघ नको म्हणून. मंदा दहा वर्षांची होती, सुई घेऊन माझ्याकडं आली होती. मी तिला हाकलून दिलं. ती अनसाकडं गेली. आणि त्या दिवसापासून तिला हातमाय म्हणायला लागली. ते मला बघवलं नाही. त्या पुण्याच्या मुलीनं विचारलं, तेव्हा ज्याला आम्ही मान म्हणतो त्याची मी शिवी केली. अनसासाठी केली होती. लागली माझ्या पोरीला."

"हे आत्ता ठरवलंत तुम्ही," तो म्हणाला. पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

तेव्हा शेजारच्या दारातून एकीनं आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला पुढं केलं. मुलीनं हात उलटा करून दाखवला. शिडी होती, ताजी, अजून खपली धरलेली. मग दुसऱ्या दारातून आणखी एक, सात-आठ वर्षांची. मग म्हाताऱ्या, मग लेकुरवाळ्या. नुसते हात पुढं येत होते. अनसा खालूनच म्हणाली, "विचार त्या पोरींना, पहिला नवरा कुठं सोडला."

रोहिदासच्या थोरल्या भावानं मान खाली घातली आणि चल रे म्हणाला. रोहिदास जाता तर गोष्ट तिथं संपती. पण एवढ्या बायकांपुढं खोटं ठरलेला माणूस मागं कसा फिरणार. खूण नसेल तिची, तो म्हणाला, पण माझी अब्रू गेली ती गेली, बायको माझी आहे. आणि अनसाच्या अंगावरून पाय टाकून आत शिरला. आतून मंदाचा आवाज आला.

शाई खलायचा दगडी बत्ता माझ्या दारात पडला होता. तो उचलून मी त्याच्या मागं गेले आणि पाठमोऱ्या रोहिदासच्या गुडघ्याच्या वाटीवर बाजूनं घातला. तो पडला. मी पुन्हा घातला. मग बाकीच्या आल्या. पाटे, चपला, पाण्याच्या कळशा, जे हाती लागलं ते. त्याला ओढून बाहेर आणला आणि वस्तीच्या चौकात बडवला. त्याचे भाऊ लांब उभे राहून बघत होते. त्याचा टॉमीचा हात मी माझ्या टाचेखाली धरला होता, आणि त्याची बोटं एकेक करून कशी वाजली ते मला आजही सांगता येईल. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. मंदानं दारातून ते बघितलं, पट्टीचा हात छातीशी धरून, आणि मध्ये पडली नाही.

पोलिसांनी नंतर विचारलं, किती बायका होत्या. मी म्हटलं, मला वीसच्या पुढं मोजता येत नाही.

अनसाच्या हाडासाठी आणि मंदाच्या मनगटासाठी तो आत गेला, काही महिने. बाहेर आला तेव्हा लंगडत होता. वस्तीकडं फिरकला नाही. मंदा परत गेली नाही, तिचं कागदावरही मोकळं झालं. रुजूताईनं मी सांगितलेलं खरं लिहिलं, पण तिच्या वहीवरून उत्सवासाठी आधीच छापलेलं पुस्तक बाजारात गेलं ते गेलं. आता कॉलेजच्या मुली टॅटूच्या दुकानातून शिडी काढून घेतात. घर सोडून निघालेल्या बाईची खूण म्हणून, मोठ्या अभिमानानं. एखादी घाटावर येऊन म्हणते, आजी, तुमच्याकडं खरी मिळते ना? मी सांगते, ती विकायची नाही. मग त्या विचारतात, मग कशी मिळते? मी म्हणते, कोणाला तरी हात दे, मिळेल.

पण हे नंतरचं. त्या मारहाणीनंतर दोन महिने मंदा माझ्याशी बोलली नाही. अनसाच्या खोलीत राहायची, माझ्या दारावरून पाणी भरायला जायची, माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही. अनसाचं हाड दवाखान्यात वाकडं बसलं. उजव्या हाताची बोटं मिटेनात, मशीन काय, सुयांचा जुडगाही धरता येईना. घाटावर येऊन बसायची नुसती. बायका तिच्यापुढं बसायच्या, ती मान हलवायची, मग त्या उठून माझ्याकडं यायच्या. इतकी वर्षं मला हेच हवं होतं.

एक दिवस मी माझ्या आईच्या सुया घेतल्या, मशीन नव्हे, सुया, आणि अनसाच्या खोलीत गेले. तिच्यासमोर बसले. डावा हात उलटा करून तिच्या मांडीवर ठेवला.

"हे काय, अक्का?"

"डाव्या हातानं शिक."

तिनं डाव्या अंगठ्यानं माझं कोरं मनगट चाचपलं. "तुमचे हात म्हणजे तुमचं दुकान. खराब होईल."

"काढ."

"डाव्या हाताला अजून खोली कळत नाही. फार लागेल."

"लागू दे. तोंडानं काय बडबडतेस, हात चालव."

ती हसली नाही. तिनं जुडगा डाव्या हातात धरला, शाईत बुडवला. पण गोंदताना दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरावी लागते, आणि तिचा दुसरा हात मेलेला. तिनं दोनदा प्रयत्न केला, कातडी निसटली. पहिलीच रेघ तिरकी गेली आणि सुई एवढी खोल रुतली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हात आपोआप मागं गेला.

मंदा कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. उठून आली, माझ्या शेजारी बसली, आणि आपल्या धड हाताच्या बोटांनी माझ्या मनगटाची कातडी दोन्ही बाजूंनी घट्ट ताणून धरली. तिचं भाजलेलं मनगट माझ्या हाताला लागत होतं, गुळगुळीत, खूण नसलेलं.

"हलू नकोस," ती म्हणाली.

मी हलले नाही.